बोरच्या पाण्यातले समुद्राचे दगड

दयारामची अख्खी नोकरी मेलेल्या माशांत गेली. खामगावच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तो बरण्या पुसत होता. बरणीत घोडामासा, बरणीत तारामासा. निवृत्त होऊन सोनाळ्याला परतला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन: गावच्या शाळेतल्या पोरांना समुद्राचा मासा जिवंत दाखवायचा. स्वतः त्याने समुद्र पाहिला नव्हता, पण त्याने काय अडतं?

लेक महामाया रत्नागिरीला नर्स. तिने किनाऱ्यावर पडलेले भोकाभोकांचे दगड पोतंभर आणले, सोबत समुद्री मिठाची पाकिटं.

"बाबा, घासून या मिठाच्या पाण्यात ठेवा. दर आठवड्याले पाणी बदला. वास गेला, भोकाइत चांगले जंतू वसले, की मंगच मासे."

दयारामने दातांच्या ब्रशने एकेक भोक घासलं. वाळके किडे निघाले, शेवाळ निघालं. इथवर ठीक. पाकिटं मात्र त्याने फळीवर ठेवली आणि दगड ड्रमात बोरच्या पाण्यात बुडवले.

"आपल्या बोरचं पाणी खारंच हाय," तो बायकोला, बनाबाईला म्हणाला. "चहा फाटते त्यानं. मंग मीठ काऊन वाया घालाचं?"

खारपाणपट्ट्यातल्या माणसालाच हे सुचणार.

सहा आठवड्यांत ड्रमचा वास गेला. तपासणीत माशांना मारणारा अमोनिया नाही, म्हणजे भोकांत जंतू वसले. मुख्याध्यापिका अश्विनी मॅडमनी कार्यक्रमासाठी शुक्रवार ठरवला. अकोल्याहून दोन मासे यायचे होते. सोमवारी दगड माशांच्या काचेच्या टाकीत गेले. टाकीत फिल्टरचं पाणी आणि शेवटी एकदाचं ते मीठ. बुधवारी टाकी घाण मारू लागली, अमोनिया चढला.

बनाबाईने टाकीत बोट बुडवून चाखलं, मग ड्रमात उरलेल्या बोरच्या पाण्यात.

"अवो, खारं टाकीतलं हाय. बोरचं तं नुसतं मचूळ. कालेजात एकतीस वर्षं काय केलं तुम्ही?"

"बरण्या पुसल्या."

मचूळ पाण्यात वसलेले जंतू खऱ्या मिठाने मेले होते. मासेही मरणार होते.

"शुक्रवार निभवून न्या," बनाबाई म्हणाली. "एक दिवस तं जगतीन."

"मेलेले लय दाखवले," म्हणत त्याने फोन लावला. "मॅडम, मासे मागवू नोका. चूक माही हाय. अजून सहा आठवडे लागतीन."

"दयारामभाऊ, पत्रिका वाटून झाल्या."

"मंग दगड दाखवू."

शुक्रवारी शाळेच्या व्हरांड्यात ड्रम आला, आत तेच दगड आणि या वेळी पाकिटातल्या मिठाचं पाणी. दयारामने पोरांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. वास असा की सरपंचांनी भाषण दोन मिनिटांत आटोपलं.