‘हिम’ची जागा

दोन पावसाळे माझ्या पडवीत इंग्रजीचा वर्ग चालला. विद्यार्थी एकच होता. शाळेपासूनचा मित्र, मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना होडीतून फिरवणारा. पावसात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्याला वेळ होता. मी वृत्तपत्राच्या डेस्कवरचे काम सोडून गावी आलो होतो, त्यामुळे मलाही होता.

वर्गाला कारण होते. एका परदेशी पर्यटन कंपनीला या भागात छोट्या गटांसाठी राहणे, जेवण आणि होडी एकत्र हवी होती. आम्ही ठरवले ते असे: होडी मित्राची, आमच्या घरामागच्या दोन खोल्या आणि माझ्या बायकोच्या हातचे जेवण. बायको कुडाळच्या एका खाजगी शाळेत शिकवत होती. पाहुणे असताना तिला दिवसभर घरी थांबावे लागणार होते. तिचे मन होत नव्हते. मित्रानेच तिला पटवले.

“वयनी, तुमी शाळेत गेल्यार पावण्यांका घावणे कोण घालतलो? ह्यो पेपरवालो? ह्यो घावणे घालतलो आणि पावणे पळान जातले.”

ती हसली. शाळेच्या वर्षअखेरीस तिने राजीनामा दिला.

मित्राला शब्द पुष्कळ येत होते. अडचण होती ती क्रियापदामागे लागणाऱ्या छोट्या शब्दांची. अप, ऑफ, आउट, आफ्टर. ‘पुट’ म्हणजे ठेवणे हे त्याला माहीत होते. ‘पुट अप’ म्हणजे पाहुण्याची राहण्याची सोय करणे, हे ऐकून तो चिडला. “ठेवणां रवला खंय मग?” आपणही ‘टाकणे’ला ‘बोलून’ जोडतो तेव्हा कोणी काही टाकत नाही, असे मी सांगितले. ते त्याला पटले.

त्यापुढे सर्वनामाचा प्रश्न आला. ‘पिक अप द गेस्ट’ चालते, ‘पिक द गेस्ट अप’ही चालते. पण गेस्टच्या जागी ‘हिम’ आला की त्याने मधेच बसायचे. ‘पिक हिम अप’. मित्र सतत ‘पिक अप हिम’ म्हणायचा. एके दिवशी त्याने स्वतःच उलगडा केला.

“मेल्या, असा सांग ना! ‘गेस्ट’ म्हणजे मुंबैसून इलेलो पावणो. तो मधे निजात, नायतर कडेक निजात. ‘हिम’ म्हणजे बारको पोर. तो आवशी-बापाशीच्या मधेच निजतलो.”

यापेक्षा चांगले व्याकरण मी वाचलेले नाही. पण लगेच ‘लुक आफ्टर’ आले. तिथे सर्वनाम शेवटी. ‘लुक आफ्टर देम’.

“आता ह्या पोराक भायर कित्याक निजवलां?”

काही क्रियापदे आपल्या शब्दापासून वेगळी होत नाहीत, ती तशीच पाठ करायची, एवढेच सांगितले. पहिला पावसाळा सरल्यावर तो काही दिवस होडीतल्या परदेशी पर्यटकांना ‘आय विल लुक यू आफ्टर’ म्हणत राहिला. ते हसत, तोही हसे.

एक चूक मात्र त्याची एकट्याची नव्हती, ती आमच्याकडे सगळेच करतात. आपण पाहुण्याला स्टँडवर ‘सोडतो’, आणि नोकरीही ‘सोडतो’. म्हणून इथला रिक्षावाला परदेशी माणसाला ‘आय लीव्ह यू’ म्हणतो आणि तो माणूस गोंधळून बघत राहतो. मी मित्राकडून ‘ड्रॉप यू ऑफ’ घोटून घेतले. ‘लीव्ह’ला ‘आउट’ लावले तर अर्थ वगळणे, हेही त्याच संध्याकाळी सांगितले.

दुसरा पावसाळा संपता संपता मी त्याच्याकडे गेलो. होडी पाण्यात कधी ढकलायची ते विचारायचे होते. तो मांगरात, म्हणजे जाळी आणि वल्ही ठेवायच्या शेडमध्ये, बाकावर बसला होता. दाराकडे पाठ, फोन समोर खोक्याला टेकवलेला. कंपनीच्या बाई बोलत होत्या. मी दाराशी थांबलो, कारण तो चांगला बोलत होता आणि मला ते ऐकायचे होते.

बाईंनी विचारले, तुमचे ते शिक्षक मित्र आणि त्यांच्या खोल्या, त्यांचे काय?

तो म्हणाला, “वी कॅन लीव्ह हिम आउट.” मग म्हणाला, “माय ब्रदर-इन-लॉ विल पुट देम अप. आय विल लुक आफ्टर देम.”

तिन्ही वाक्ये शुद्ध होती. प्रत्येक सर्वनाम आपल्या जागी होते.

बातमी देण्याआधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे घ्यायचे असते. फोन बंद झाल्यावर मी आत गेलो आणि विचारले, लीव्ह हिम आउट म्हणजे काय?

तो दचकला, मग हसला. “अरे, लीव्ह म्हणजे सोडणां. तुका मालवणात सोडतंय, असा सांगी होतंय. तू माझ्या इंग्रजीर कित्याक जातंस, पेपरवाल्या?”

उत्तर अशक्य नव्हते. ही चूक इथे रोज होते आणि त्याने ती पूर्वी अनेकदा केलेली होती. मला ते खरे मानायचे होते. म्हणून एकच प्रश्न उरला.

“आणि मेव्हण्याच्या खोल्यांचा काय?”

त्याचे हसणे थांबले. तो वल्ही इकडची तिकडे करू लागला. “तेंका एसी व्हयो,” तो म्हणाला. “आणि बोलूक एकच माणूस व्हयो. माका आता येता, असा ती बाय म्हणाली.”

“हिला काय सांगू?”

“वयनीक मी सांगतंय. समजावन सांगतंय.”

तो दोन दिवसांनी आला. मी तोपर्यंत घरी सर्व सांगितले होते. मला त्याची बाजू आधीच मांडायची नव्हती, पण तीही मांडली होती: एसी, एकच माणूस, बाईंचे म्हणणे.

तो पडवीत बसला नाही, उभाच राहिला. त्याने वेगळा विषय काढला. मेव्हण्याच्या बायकोला इतक्या माणसांचे रांधणे झेपणार नाही, पाहुणे असतील तेव्हा वयनींनी तिथे येऊन बघावे. “तुमच्या हाताक चव आसा, वयनी. मी तेंका कवाच सांगलंय.”

बायको सुपात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

“भावजी, ह्यांका तुमी काय बोललात ता तुमी दोघा बघून घेया. ठरवणां बदलला तेवा माका येवन सांगूक व्हया होता. शाळा मी सोडलंय. ह्यांनी नाय, तुमी नाय.”

“वयनी, तेवा माझ्या हातात काय नव्हता—”

“ता बोलणां मी राजीनामा देऊच्या आदी होता?”

तो खाली बघत पायाने चपला शोधू लागला. त्यावरून मला कळले की कंपनीशी वेगळे बोलणे तिच्या राजीनाम्याच्या आधीच सुरू झाले होते. तोपर्यंत हे माझ्या लक्षात आले नव्हते. प्रश्न विचारण्यात माझे आयुष्य गेले, हा प्रश्न तिने विचारला. तो चपला घालून गेला. फाटक त्याने लावले नाही, ते मी लावून आलो.

पुढच्या सोमवारी ती कुडाळला गेली. शाळेतली तिची जागा भरली गेली होती. मुख्याध्यापिकांनी चहा दिला, हळहळ व्यक्त केली. आता ती ओरोसच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. बस चुकली तर तास जातो, म्हणून सकाळी घरातली कामे मी करतो. मागच्या खोल्यांना कुलूप आहे.

मित्राच्या होडीवर परदेशी पाहुणे आहेत, असे समजते.