मस्कतला दिसलेलं लग्न

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांशी मी भांडते. अजूनही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

२००९ च्या आसपास मी भोरमध्ये एका फोटो स्टुडिओत नोकरीला होते. मालकांनी लाइव्ह व्हिडिओ पाठवायचं सॉफ्टवेअर आणलं आणि माझ्या गळ्यात मारलं — "तू हुशार आहेस, शीक." शिकवणारं कुणी नाही. स्क्रीनवर दोन चौकोन आणि खाली इंग्रजी बटणांची जत्रा.

पहिलंच काम म्हणजे उत्रोलीच्या सुजाताचं लग्न, भोरच्या कार्यालयात. वडील गेल्यावर तिला वाढवलं दादानं, आणि तो मस्कतला. सुट्टी मिळाली नाही म्हणून तिकडच्या सायबर कॅफेत बसून बघणार होता. सुजातानं सांगूनच टाकलं होतं, "दादाला दिसल्याबिगर म्या हार घालायची न्हाई."

बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळे मुहूर्ताची घाई नव्हती. पांढऱ्या कपड्यांतली सगळी मंडळी माझ्याकडे बघत बसलेली. दादाचा फोन लागत नव्हता. सुजाताचे मामा सारखे येऊन विचारायचे, "मॅडम, मस्कत आलं का?" जणू एसटीच यायची होती. केसांत पेन खोचून, नखं कुरतडत मी दिसेल ते बटण दाबत होते. शेवटी एका चौकोनात स्टेज उमटलं, सुजाता हलताना दिसली. "चालू झालं," मी ओरडले.

वंदना झाली, हार पडले, फुलं उधळली. सुजाता कॅमेऱ्याकडे बघून अशी हसली की मलाच रडू आलं.

मग आवरायला घेतलं... आणि स्क्रीनकडे नीट बघितलं. स्टार्टचं बटण दाबलेलंच नव्हतं! मी बघत होते तो नुसता प्रिव्ह्यू, माझ्याच कॉम्प्युटरपुरता. मस्कतला काहीच गेलं नव्हतं.

तेवढ्यात मामांचा मोबाईल वाजला. दादाच. मामांनी स्पीकर लावला.

"सुजे, लई झ्याक दिसलीस," तो हसत होता, मधेच रडत होता. "पन आईला कुनी खुर्ची का दिली न्हाई? टाचा वर करून हुबी व्हती. आन् ती केसात पेन खोचलेली मॅडम, तिला म्हनावं नखं खाऊ नका, जेवून जावा."

सगळे हसले. मी नाही. कॅमेरा स्टेजकडे होता. सुजाताची आई माझ्या पाठीमागे उभी होती, आणि मी कॅमेऱ्याच्या पाठीमागे.

आईला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "आगं पोरी, त्यानं बघितलं न्हवं? मंग झालं की," म्हणत त्यांनी माझ्या तोंडात बुंदीचा लाडू कोंबला.

नंतर मी एकेकाला खोदून विचारलं, त्याला कुणी फोनवर सांगितलं का म्हणून. कुणीच नाही. पुढं दादा सुट्टीवर आला तेव्हा पेढे घेऊन स्टुडिओत आला. दारातूनच मला ओळखलं. मी विचारलं, "नेमकं काय दिसलं हो तुम्हाला?"

"तुमी पाठवलं त्येच की, मॅडम."

मी काय पाठवलं, ते मला आजही ठाऊक नाही. तेव्हापासून कामावर जाताना केस मात्र नीट विंचरून जाते.