जोडलं, पण आवाज नाही

"जोडलं म्हन्ते, पन बोलून नाई राह्यलं," काकू संगणकाकडे बोट करून म्हणायच्या. पडद्यावर इअरबडच्या नावाखाली ‘कनेक्टेड’ दिसत असायचं.

वाशिमच्या आमच्या दैनिकाच्या कार्यालयात त्या ऑपरेटर होत्या. मानोरा, कामरगाव, शिरपूरचे वार्ताहर मोबाइलवर बातमी बोलून पाठवत. काकू ती ऐकून टाइप करत. वार्ताहर वऱ्हाडीत बोलायचे, छापून यायचं ते मराठी काकूंचं. मानोऱ्याच्या वार्ताहराने एकदा श्रद्धांजलीच्या बातमीत मधेच चहा मागितला होता. काकूंनी तेवढा वगळला.

नवे व्यवस्थापक आले. दोन ऑपरेटरपैकी एक कमी करणार, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. वायरचा हेडफोन तुटला तेव्हा त्यांनीच इअरबड दिले, आणि काकूंचं टाइपिंग अडायला लागलं. त्या संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून इअरबड काढायच्या, पुन्हा जोडायच्या, संगणक बंद करून चालू करायच्या. प्रत्येक वेळी व्यवस्थापकांच्या केबिनच्या दाराकडे पाहायच्या.

"भाऊ, पाहा ना जरा. बातमी अडकून पडली."

मी आवाजाची सेटिंग तपासली. बरोबर होती. दोनपैकी एकच बड जोडला गेला होता, डावा. तो कानात घातला. कामरगावचा वार्ताहर स्पष्ट बोलत होता.

"काकू, येतोय की आवाज."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "त्या कानानं आयकू येत नाई मले," त्या हळू म्हणाल्या. "कोनाले सांगू नका, भाऊ."

डावा डबीत बंद ठेवून मी उजवा एकटाच जोडला. चालला.

"काकू, एकच कानात?" जाता जाता व्यवस्थापकांनी विचारलं.

"एक कान बातमीले, एक तुमाले, साहेब."

सगळे हसले. तुम्हीही हसला असता. त्यानंतर व्यवस्थापक काकूंच्या डाव्या बाजूने यायला लागले की माझं लिहिणं थांबायचं.

एका दुपारी ते त्याच बाजूने आले.

"काकू."

त्या टाइप करत राहिल्या.

"काकू!"

खोलीतले बाकीचे कीबोर्ड थांबले. काकूंचा एकटा चालू होता. व्यवस्थापक वळसा घालून समोर आले आणि खुर्ची ओढून बसले. काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बड काढून टेबलावर ठेवला.

"काम चुकलं का, साहेब?"

"नाही," ते म्हणाले. "पण मला आधी सांगायचं ना."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी फोन लावला. काकूंनी उचलला. मागून त्यांच्या भाजीच्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. व्यवस्थापक शेजारी उभे होते. "कमी करणार नाही, सांगा त्यांना," ते म्हणाले. मी सांगितलं.

"ते ठीक हाये, भाऊ. पन आता सारे माह्यासंग मोठ्यानं बोलतीन."

व्यवस्थापकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू!" ते ओरडले. खिडकीखाली चहाच्या टपरीवरच्या दोघांनी मान वर केली. "ऐकू येतंय ना?"