मावशीची तीन खोटी गिऱ्हाइकं

माझी मावशी मालवणच्या बाजारात तीस वर्षं मासे विकत होती. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद केलं. घरी ती गुडघ्यांपेक्षा गिऱ्हाइकांसाठीच जास्त कण्हायची. म्हणून मी तिच्यासाठी वेबसाइट केली. सकाळी काकांची होडी लागली की मावशीने मासळी साइटवर चढवायची, लोकांनी मागवायची आणि पडवीतून घेऊन जायची. वेबसाइट तपासणं हे माझं पोटापाण्याचंच काम, तेव्हा मी भलतीच ऐटीत होते.

"एकदा होय म्हटलंय काय गिराइकाक मासो गावाक व्हयो," मावशीने बजावलं. हो म्हटलं की गिऱ्हाइकाला मासा मिळालाच पाहिजे, हा तिचा बाणा. "तीस वर्षांचा नाव घालव नको गो माजा."

सुरू करण्याआधी मी तीन एआय एजंट कामाला लावले. म्हणजे गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन साइट उघडणारे, बटणं दाबणारे आणि काही बिघडलं तर सांगणारे प्रोग्रॅम. 'बांगडे मागवा' एवढं त्यांना सांगून मी बँकेच्या कामाला कणकवलीला गेले. दुपारी परतले तर अहवाल हिरवागार: तिन्ही मागण्या यशस्वी. माझी कॉलर ताठ.

पडवीत पाहते तो मावशी खुर्चीत, समोर टेबलावर साफ केलेल्या बांगड्यांच्या तीन पुड्या, केळीच्या पानात बांधलेल्या. चाचणीच्या मागण्या तिच्या फोनवर जाऊ नयेत, ही सोय करायला मी साफ विसरले होते.

"कधी येतले गो ते?"

मी कपाळावर हात मारला आणि ती माणसं नव्हतीच, हे सांगून टाकलं.

"माणसां नाय, तर मासे कित्याक मागल्यानी?"

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. "तिघांपैकी एकान तरी विचारल्यान, ताजे आसत मां म्हणान? माका तेवाच कळाक व्हया होता."

बाई बरोबर बोलत होती. मुकाट्याने बटण दाबून जाणारं गिऱ्हाईक अख्ख्या मालवणात सापडायचं नाही. संध्याकाळी त्याच बांगड्यांचं तिखलं ओरपून मी लॅपटॉप उघडला आणि मावशी एकेक गिऱ्हाईक सांगू लागली. मोठेच मासे वेचून मागणारी. बांगडे सांगून शेवटी सुरमईवर जाणारी. आणि मासे कापून झाल्यावर संकष्टी आठवणारी. हिची नक्कल करताना मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी एकेक स्वभाव एकेका एजंटला दिला.

संकष्टीवालीनेच घोळ पकडला. तिने मागणी रद्द केली, पण ते बांगडे साइटवर तिच्याच नावावर अडकून राहिले आणि पुढच्या खोट्या गिऱ्हाइकाला 'संपले' असं उत्तर गेलं. मासे घरात असून मावशी खोटी पडली असती. मी ते दुरुस्त केलं, आणि मावशीच्या हट्टापायी प्रश्न विचारायला एक चौकटही ठेवली.

साइट सुरू केली त्या सकाळी होडी लागून अर्धा तास झाला तरी फोन गप्प. मावशी माझ्याकडे बघेना. मग फोन वाजला. मागणी नव्हतीच, चौकटीत लिहिलेला नुसता प्रश्न होता: "मावशे, बांगडे ताजे आसत मां? कालचे गळ्यात मारू नको."

"आता खरो माणूस इलो!" मावशीचा चेहरा फुलला. उत्तर लिहायचं सोडून तिने थेट त्या बाईला फोन लावला आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशी कडाडली, "ताजे काय विचारतस, अजून उडतत!"

बाजारातला तिचा तो आवाज मी वर्षभराने ऐकत होते.