पिंपभर गहू

विमलबाई बेलापूरहून सावेडीत लेकाच्या फ्लॅटवर राहायला आल्या, तेव्हा त्यांनी महेंद्रला दारातच सांगून टाकलं, "उन्हाळाभर बघते. माणसं मिळाली तर ऱ्हाते, न्हाई तर मी आपली बेलापूरला." आणि साड्या कपाटात न लावता पिशवीतच ठेवल्या. महेंद्रचे वडील कचरूआबा गेल्यापासून आई गावी एकटीच, त्यात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. तिला परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं होतं. पण माणसं तो कुठून आणणार?

आमची बिल्डिंग तशी सुखवस्तू आहे. शेजाऱ्याचा वाढदिवस आम्ही मोबाईलवर साजरा करतो आणि तोच जिन्यात भेटला की किल्ली शोधायला लागतो. विमलबाई दार सताड उघडं टाकून बसायच्या. लोकांना वाटायचं, आत रंगकाम चाललंय. दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती. यांनी एक भलंमोठं पिंप काढलं आणि गहू भिजत घातले.

बेलापुरात विहारामागच्या त्यांच्या आळीत कुरडयांना कुणी कुणाला बोलावत नाही. भिजल्या गव्हाचा आंबूस वास सुटला की बायका आपापला सोऱ्या घेऊन हजर. चीक गरम असतानाच दाबावा लागतो, एकटीचं ते कामच नाही. सून माधुरी म्हणाली, "आई, इथं कुणी यायचं नाही."

"वास तर जाऊ दे," विमलबाई म्हणाल्या.

वास गेला. पार वरच्या मजल्यापर्यंत गेला. आमचे सेक्रेटरी शामकांतराव नाकाला रुमाल लावून प्लंबरला घेऊन आले. कानिफनाथ प्लंबरने खालची सगळी झाकणं उघडून पाहिली आणि म्हणाला, "काका, ड्रेनेज चांगलं हाय. कुनाकडं तरी कुरडयांचे गहू भिजलेत." मग शामकांतराव तक्रार घेऊन जिना चढले. मागे त्यांच्या पत्नी लीनाताई, त्यांच्यामागे पहिल्या मजल्यावरची मी, आणि गंमत बघायला बाकीच्या.

आम्हाला दारात पाहून विमलबाईंचा चेहरा असा खुलला की शामकांतरावांची तक्रार घशातच राहिली.

"आलात? या. सोऱ्या कुनी आनलाय का?"

लीनाताई म्हणाल्या, "आहे माझ्याकडे. सासूबाईंचा, पितळी. माळ्यावर पडलाय."

"काडा मग. आन् दादा, गच्चीची किल्ली तुमच्याकडंच ना?"

शामकांतरावांनी मुकाट्याने किल्ली दिली. त्या किल्लीसाठी आम्ही कित्येक वर्षं विनवण्या करतोय.

गहू वाटून, चीक निवळून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी बिल्डिंग गच्चीवर. विमलबाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. "हाटा नीट. गाठी झाल्या तर त्या तुमच्याच ताटात." लीनाताईंनी दूध-साखर घालून वाटीभर गरम चीक उभ्यानेच खाल्ला आणि पुन्हा वाटी पुढे केली. माझा हात भाजला, पण इतकं बरं मला या बिल्डिंगीत कधीच वाटलं नव्हतं.

चीक काही सरेना आणि अंथरायच्या चादरी मात्र संपल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"माधुरी, माजी पिशवी आन," विमलबाई म्हणाल्या. मग एकेक साडी झटकून त्यांनी आमच्या हातात दिली. आम्ही त्या गच्चीभर अंथरल्या आणि त्यांवर कुरडया घातल्या.

संध्याकाळी महेंद्र कामावरून थेट गच्चीवर आला. पिशवी रिकामी होती. आईच्या साऱ्या साड्यांना चिकाची खळ बसली होती.

"आई," तो जपून म्हणाला, "आता बेलापूरला काय नेसून जाशील?"

विमलबाई कुरडयांच्या कडा चाचपत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"कोन चाललंय? उद्या लीनाबाईंचे गहू भिजवायचेत."