हाक मारून पाहिलेल्या गल्ल्या

महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी चौथी पास झाले. केळापूरकडच्या आमच्या बंजारा तांड्याला लागून जे गाव होतं, तिथली शाळा चौथीलाच संपत होती. मुलगे पुढे कुठल्या तरी वसतिगृहात जात आणि मुली सासरी. माझ्यासाठीही विचारणा सुरू झाली होती. पण आईनं, म्हणजे आमच्या बोलीत याडीनं, जाहीर करून टाकलं की छोरी यवतमाळला शिकेल आणि मी तिच्याबरोबर राहीन. का, ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. मी पुढे कितीदा तरी विचारलं. "मले वाटलं," एवढंच म्हणायची. तांड्यातल्या लोकांनी तिला वेड्यात काढलं, तेव्हाही तिचं उत्तर हेच होतं.

बा शेतकरी माणूस. त्याला कापूस कळायचा, शहर कळायचं नाही. तरी तो आमच्याबरोबर आला. जून संपत आला होता. मुलींच्या शाळेत मुख्य बाईंनी माझ्याकडून धडा वाचून घेतला, दोन गणितं घातली आणि म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. पण गावातला पत्ता पाहिजे. आणि त्या वस्तीतलं तुम्हाला ओळखणारं एक माणूस घेऊन या. सोमवारी यादी बंद होईल." त्या दिवशी शुक्रवार होता. सोमवारपर्यंत खोली मिळाली तर शाळा, नाहीतर सोमवारच्याच मोटारीनं घरी आणि दिवाळीनंतर लग्न. मी अकरा वर्षांची होते, पण मला हे सगळं स्वच्छ कळत होतं.

हल्ली माणसं मोहल्ला निवडतात तेव्हा शाळा किती जवळ, रस्ता किती सुरक्षित, शेजार कसा हे बघतात. आम्हीही तेच बघायला निघालो होतो. फक्त आम्ही वस्तीकडे बघायच्या आधी वस्ती आमच्याकडे बघायची. आईच्या अंगावर फेटिया, म्हणजे आरशांचा घेरदार घागरा, कोपरापासून वरपर्यंत पांढरे चुडे, केसांत चांदीचे दागिने. आम्हाला धोका कुणापासून आहे, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. धोका म्हणजे आम्हीच होतो.

गावच्या गुरुजींनी बाला एक चिठ्ठी दिली होती, शाळेजवळच्या एका निवृत्त बाबूंच्या नावानं. चांगली वस्ती. प्रत्येक घराला कुंपण, दारात तुळस, घरोघरी विहीर. बाबू तसे सज्जन होते. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि खोली द्यायलाही तयार झाले. "फक्त बाईंनी लुगडं नेसावं," ते म्हणाले. "आणि पोलीस चौकीत नावं देऊन ठेवा. तुमच्याच सोयीचं होईल." बा मान हलवत होता. आई जमिनीकडे बघत होती.

मी मात्र कंटाळून गल्लीच्या टोकाला, शाळेचं फाटक बघायला गेले होते. बोलणी संपली तशी आई ओसरीवरून उतरली आणि तांड्यात मारायची तशी मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "छोरीऽऽ! ए छोरीऽऽ!"

छ आणि च यांच्यात एका फुंकरीचं अंतर. पण त्या गल्लीनं ऐकलं ते चोरी! धडाधड दारं लागली. एकजण काठी घेऊन धावला, एकजण पंचा गुंडाळून अंघोळीतून तसाच बाहेर आला, आणि सगळे येऊन उभे राहिले ते आईभोवती. गंमत बघा, चोरी झाली म्हणून ओरडणारीच चोर! माझ्या बोलीत छोरी म्हणजे मुलगी, हे बाला हात जोडून तीनदा सांगावं लागलं. मग सगळे हसले. पंचावाले तर डोळे पुसेपर्यंत हसले. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. काठीचा येत नाही तेवढा हसण्याचा येतो.

"बघा, म्हणूनच मी लुगड्याचं म्हणत होतो," बाबू म्हणाले. "आणि मुलीला बाळ म्हणत जा." आईनं त्यांना नमस्कार केला आणि चालू पडली.

धर्मशाळेत दोघांचं जुंपलं. आपसात ते गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, भांडायचे. मी इकडच्या बोलीत सांगते.

"कपडाच तं बदलायचा आहे," बा म्हणाला. "त्याच्यानं पोरीची शाळा होऊन राह्यली. तुले काय जड जाते?"

"आज कपडा म्हनते. उद्या बोली सोड म्हनन. परवा हेच पोरगी मले इचारन, बाई, तुमी कोन?"

"मंग चाल घरी!"

"घरी कायले? गावात एकच गल्ली आहे काय?"

बाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यालाही माझी शाळा हवी होती. पण माझ्या शाळेसाठी आईनं आई असणं थोडं कमी करावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते मला त्या वयातही पटलं नाही.

शनिवारी सकाळी आईनं एक खूळ काढलं. मला म्हणाली, तू कोपऱ्यामागं लपून राहा. मी हाक मारते. ज्या गल्लीला माझी हाक समजेल तिथं राहायचं. बा कपाळाला हात लावून एका पानठेल्यापाशी जाऊन बसला, आपला आणि या बाईचा काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं.

मी लाजेनं अर्धी झाले होते. भर सकाळी आई एकेका गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची आणि मग कमरेवर हात ठेवून बघायची. एका गल्लीत खिडक्या लागल्या. एका गल्लीत फक्त कुत्री भुंकली. एका ठिकाणी ओट्यावर बसलेली चार रिकामटेकडी पोरं "आली, आली!" म्हणत खिदळली. आई लगेच मागे फिरली. "इथं पोरगी नेत नाई मी," एवढंच म्हणाली. तिथली रिकामी खोली स्वस्त होती, शाळाही जवळ होती, बाला मनातून आवडली होती. पण त्या खिदळण्यानंतर त्यानंही पुन्हा नाव काढलं नाही.

रविवारी सांज व्हायला आली तरी खोली नव्हती. बानं सकाळच्या मोटारीची वेळ विचारून ठेवली होती. मी पुस्तकाची पिशवी उशाला घेऊन रडून घेतलं होतं आणि तोंड धुऊन पुन्हा त्यांच्याबरोबर शोधायला निघाले होते. शेवटची वस्ती राहिली होती, कापसाच्या जिनिंग कारखान्यामागची. शाळेपासून चांगला दीड मैल. कोष्टी, तेली, मुसलमान, जिनमधले मजूर, सगळे एकमेकांना खेटून. आम्ही गेलो तेव्हा सरकारी नळावर कडाक्याचं भांडण पेटलं होतं. कुणाची बारी, कुणाची घागर, एकमेकींच्या सात पिढ्या निघत होत्या. बा म्हणाला, "इथं? इथं तं हाक आयकूच नाई जात."

मी एका भिंतीमागे लपले. आईनं हाक मारली. "छोरीऽऽ!"

नळ चालू होता, पण भांडण थांबलं. गालात तंबाखू धरलेली एक वाळकी बाई घागर तशीच सोडून पुढे आली. "काय वो माय, पोरगी हरवली काय? केवढी आहे?" आणि उत्तराची वाटही न बघता तिनं जिच्याशी भांडत होती तिलाच हुकूम सोडला, "तू जिनकडं पाय, मी इकडं पायतो." दोघी दोन दिशांना धावल्यासुद्धा.

ती वाळकी बाई धावत आली ती माझ्याच अंगावर. मी भिंतीला चिकटून उभी. तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की हाडं वाजली. "माय तिकडं बोंबलून राह्यली आन तू इथं लपून राह्यली? लाज नाई वाटत?" आईनं हसत हसत खरं काय ते सांगितलं, तेव्हा तर ती आणखीच भडकली. "अन् माही पान्याची बारी गेली ते?" पण भांडता भांडताच तिनं सांगून टाकलं की तिच्या भिंतीला लागून एक खोली रिकामी आहे.

बा तरीही कुरकुरत होता. भांडखोर वस्ती, शाळा लांब, संध्याकाळी पिणारेही दिसतात. आई म्हणाली, "तिथं शाळा जवळ होती, मानसं लांब होती. पोरगी चालन दीड मैल." मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी दहा मैल म्हटलं असतं.

सोमवारी ती बाई आमच्याबरोबर शाळेत आली. कामाचा खाडा करून आली होती आणि ते तिनं वाटेत चारदा ऐकवलं. कारकुनानं आईच्या फेटियाकडे बघितलं, मग वस्तीचं नाव ऐकून भुवया उंचावल्या. बाईला विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

"वळखतो नं."

"किती दिवसांपासून?"

"काल सांजपासून."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "कालपासून? मग यांची वर्तणूक चांगली, असं मी कशावरून लिहू?"

वाटेत आईनं तिला शुक्रवारची सगळी हकीकत सांगितली होती. ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "काहून? त्या बंगलेवाल्याइनं एका हाकेत ह्या बाईले चोर ठरवलं, तवा त्याइले कोनी इचारलं काय, वळख किती दिवसाची म्हनून? वाईट म्हनायले एक घडी पुरते, आन चांगलं म्हनायले रातभर बी पुरत नाई काय?"

आतल्या टेबलावरून मुख्य बाई उठल्या. त्यांनी कारकुनापुढचा अर्ज ओढून घेतला आणि पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला. आमच्या शेजारणीला त्यांनी सही करायला सांगितली. तिनं अंगठा उठवला, शेजारी आईनं उठवला. दोन्ही अंगठे कागदावर जवळजवळ आले, शाई एकमेकांत थोडी पसरली.

"वर्ग कुणाला तरी विचारून घे गं," कारकून माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी कुणालाही विचारलं नाही. दारांवर पाट्या होत्या. एकेक वाचत गेले आणि पाचवीत जाऊन पहिल्या बाकावर बसले.