दाजींनी ठेवलेली अर्धी

ह्या ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना माझी ख्याती ठाऊक आहे. कोणी वडाच्या झाडाची, हलणाऱ्या पाळण्याची गोष्ट टाकली की खाली पहिली कमेंट माझी — "गॅस झाला असेल, ओवा खा." दोन वर्षं लोकांची टर उडवली. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जण हसतील. हसा. मी अजूनही भूतबित मानत नाही. पण ह्यात माझी एक चूक आहे, जी मी लपवली होती, आणि ती कबूल केल्याशिवाय बाकीचं सांगताच येत नाही.

आम्ही मूळ धुळ्याकडचे. वडील लूमवर काम करायला सुरतेत आले आणि इथलेच झाले. मी डिंडोलीला राहतो. गेल्या वर्षापर्यंत चलथाणच्या रस्त्यावरच्या एका डाईंग मिलमध्ये जेट मशीनवर होतो. जेट म्हणजे एक भलंमोठं बंद पिंप समजा. आत कापड आणि रंगाचं पाणी, उकळत्या पाण्याहून जास्त तापवलेलं. रंग बसला की गार करायचं, वाफ सोडायची, प्रेशर पूर्ण उतरलं की मग झाकण उघडायचं. त्याआधी उघडायचं नाही. हे मिलमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

मला ते शिकवलं दाजींनी. प्रल्हाद दाजी, माझ्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे यजमान. राहायला कोसाडच्या कॉलनीत. तरुणपणी लूमवर तुटलेले धागे सांधायचं काम केलेलं, त्यात डावखुरे, त्यामुळे त्यांची गाठ आमच्यासारखी पडायची नाही. फास उलट्या बाजूला यायचा. लूमवरचे लोक चिडवायचे, "प्रल्हादची गाठ सासूसारखी, सरळ कधी नाहीच."

मिलमध्ये बिडी बंद. गेटवर वॉचमन कांतिकाका सगळ्यांच्या काडेपेट्या एका खोक्यात काढून ठेवतात. पण सकाळी आठची शिफ्ट लागायच्या आधी दोन झुरके तर पाहिजेतच ना! मग अर्धी ओढायची, भिंतीवर घासून विझवायची आणि तिथंच भिंतीतल्या भोकात ठेवून आत जायचं. कंपाउंडची भिंत जुनी, विटांमधला माल गळून गेलेला, म्हणून प्रत्येकाचं एक ठरलेलं भोक. दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन आपापलं थोटूक परत पेटवायचं. दुसऱ्याच्या भोकात कोणी हात घालत नाही. ओडिशाचे कामगार दोन-दोन महिने गावाला जाऊन येतात, त्यांची थोटकं जागच्या जागी असतात. मी स्वतः ओढत नाही, पण दाजींच्या सोबतीला तिथं उभा राहायचो.

दिवाळीनंतर लाभपाचमेला मिल उघडली. शेठचा मुलगा परदेशातून आला होता, त्याने जुन्या कामगारांना पेढ्याबरोबर एकेक सिगार दिली. आमच्या लोकांनी ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली, बऱ्याच जणांनी गेटबाहेर जाऊन लगेच फुंकून टाकली. दाजींनी मात्र खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर काढली.

"बिडीना बाप शे हाई," म्हणाले. चार झुरके घेतले, खोकले, खूश झाले. तेवढ्यात भोंगा झाला. त्यांनी सिगार भिंतीवर घासून विझवली. मग शर्टाला चिकटलेला मोरपंखी धागा काढला — आदल्या दिवशीच्या लॉटच्या कापडाचा — आणि जळक्या टोकामागे बांधून टाकला.

"हे काय दाजी?"

"बिनदोरानी बिडी कधी देखेल शे का तू?" आणि उरलेल्या सिगारच्या मध्यावर त्यांनी अंगठ्याच्या नखाने आडवी खूण केली — खुणेपर्यंत त्यांची, पुढची माझी. "आठलोंग मनी. आठून पुढे तुनी. दुपारले दोन्ही जन वढूत."

"मी नाही ओढत दाजी."

"आज वढशी. शेठनी शे." हसले, सिगार भोकात सरकवली आणि आम्ही आत गेलो.

आता ती चूक. आमच्या जेटचा प्रेशरचा काटा कित्येक महिन्यांपासून अडकायचा. तक्रार करून झाली होती, बदलतो बदलतो चाललं होतं. मग आम्ही सगळेच कानाने काम करायचो. वाफ सुटते तेव्हा सूंऽऽ असा आवाज येतो, तो थांबला की प्रेशर उतरलं. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास माझ्या जेटची वाफ सोडलेली होती आणि मला फोन आला. आवाज थांबलेला मी ऐकला. दाजी पलीकडे होते. मी ओरडलो, "दाजी, उतरलं! उघडून घ्या, आलोच मी!" आणि फोन कानाला लावून बाहेर गेलो.

आवाज थांबला होता तो वाफ संपली म्हणून नाही. वाफेच्या तोंडाशी कापडाच्या धाग्यांचा बोळा अडकला होता. आत प्रेशर तसंच होतं.

दाजींनी माझ्या शब्दावर झाकण उघडलं. पुढचं लिहीत नाही. चार दिवस दवाखान्यात होते. शुद्ध थोडी आली तेव्हा माझ्याकडे बघून एकदाच बोलले, "तुनी ठेवेल शे." मला वाटलं, तापात बरळतायत. पाचव्या दिवशी सकाळी गेले.

मिलने सांगितलं, कामगाराने घाई केली, काटा न बघता झाकण उघडलं. मी फोन घेऊन बाहेर गेलेला सगळ्यांनी पाहिला होता, पण मशीनच्या धडधडीत माझं ओरडणं फक्त दाजींना ऐकू गेलं होतं. मी गप्प बसलो. दिवसकार्यापर्यंत ती गोष्ट सगळीकडे पसरली — प्रल्हाद बेफिकीर होता, स्वतःच्या चुकीने गेला. आक्काच्या घरी भेटायला आलेले लोकसुद्धा दबक्या आवाजात तेच बोलायचे.

आक्काने मला आतल्या खोलीत बोलावून विचारलं, "लोके म्हंतस, त्यासनीच चूक व्हती. त्या असा नव्हतात रे भाऊ. तू तठे व्हता ना?"

"मी बाहेर व्हतू, आक्का. फोनवर."

शब्द खरे होते. तरी एवढं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो. गेटवर पाय आपोआप भिंतीकडे वळले. सिगार भोकात तशीच होती. मोरपंखी धागा, नखाची खूण, सगळं जागच्या जागी. तुझी ठेवली आहे — दाजी दवाखान्यात काय म्हणाले ते मला तेव्हा उमगलं. काढून घ्यायची हिंमत झाली नाही. आत गेलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहिली तर सिगार आखूड झाली होती. फार नाही, नखभर. भोकात ताजी पांढरी राख. आणि धागा मोरपंखी नव्हता — मरून रंगाचा होता. त्या दिवशी माझ्या जेटवर मरून लॉट चालू होता.

डोकं फिरलं माझं. सरळ कांतिकाकांना जाऊन विचारलं, दाजींच्या भोकात कोणी हात घातला? म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "मरेला माणसनी बीडी कोण पीए, भाई?"

तिसऱ्या दिवशी आणखी आखूड, धागा पिवळा. मशीनवर पिवळा लॉट. कोणीतरी माझी मस्करी करतंय, किंवा कोणाला माझी चूक कळली आहे आणि तो मला छळतोय — मी हेच धरून चाललो. माझ्यासारखा माणूस दुसरं काय धरणार? हवेत गोडसर वास यायचा, तोही मी जवळच्या साखर कारखान्याच्या मळीवर ढकलला. गाळप सुरू झालं की त्या रस्त्याला तसा वास असतोच.

चौथ्या दिवशी मी खाडा केला. समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सातला जाऊन बसलो, ते भोक नजरेसमोर ठेवून. आठला शिफ्ट आत गेली, तेव्हा जाऊन पाहिलं — धागा पिवळाच. परत येऊन बसलो. बारापर्यंत त्या भिंतीकडे कोणी फिरकलं नाही. एक गाय येऊन गेली, तेवढीच. धूर नाही, काही नाही. मी लघवीलासुद्धा उठलो नाही, शपथ घेऊन सांगतो. बाराला सुट्टीचा भोंगा झाला आणि कोणी बाहेर यायच्या आत मी भिंतीपाशी पोचलो.

सिगार आखूड होती. टोकाला बोट लावलं तर कोमट. धागा राणी रंगाचा.

त्या दिवशी मिलमध्ये कुठला लॉट आहे मला माहीतच नव्हतं. दोन मिनिटांत माझ्या जेटवरचा बदली माणूस बाहेर आला, हात धुवायला नळापाशी गेला. कोपरापर्यंत हात राणी रंगाने माखलेले.

ह्यानंतर मी शोध घेणं सोडून दिलं. रोज दुपारी फक्त बघायचो. सातव्या दिवशी ती बरोबर नखाच्या खुणेला टेकली. आणि थांबली. आठव्या दिवशी तेवढीच, नवव्या दिवशी तेवढीच. आणखी आठवडा गेला, तेवढीच. धागाही बदलला नाही. खुणेच्या अलीकडची दाजींची ओढून झाली होती. पलीकडची माझी होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त शरम वाटली. मला शिव्या दिल्या असत्या, मशीनवर माझा हात धरून ओढला असता, तर मी समजू शकलो असतो. हा माणूस माझा वाटा ठेवून थांबला होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती सिगार रुमालात बांधून कोसाडला गेलो. आक्का दारात बसून साडीला टिकल्या लावत होती, दाजी गेल्यापासून हेच काम घरी आणते. मी रुमाल तिच्यापुढे उघडला आणि सगळं सांगितलं. भिंत, नख, धागे. आणि मग ते — मी ओरडलो होतो, मी उघडायला सांगितलं होतं.

ती रडली नाही. सिगार उचलून तिने गाठीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "हाई त्यासनीच गाठ शे," म्हणाली. "डावा हातनी."

सिगार तिने रुमालावर परत ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या मरीसन तुना वाटा ठेवतस. आन तू जित्ता राहीसन त्यासनं नाव राखं नही."

मी तिच्या पायाला हात लावायला गेलो. तिने पाय आत घेतले.

"मना पाया नको पडू. जठे त्यासनं नाव गयं, तठे जाय. समदासमोर सांग. मंग वढ तुनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शिफ्ट बदलायच्या वेळी गेटवर सगळे होते, आत जाणारे आणि बाहेर येणारे. सगळ्यांना समजावं म्हणून मी हिंदीत बोललो. "प्रल्हादभाई की गलती नहीं थी. काटा खराब था, और ढक्कन खोलने को मैं बोला था. मेरे बोलने पे उन्होंने खोला." तेच दोनदा बोललो. लोक आपापल्या वाटेने सरकू लागले. एक ओडिया म्हातारा तेवढा जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेला. अर्ध्या तासात मॅनेजरांनी बोलावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. त्यांना माझ्या चुकीपेक्षा मी काट्याचं सगळ्यांसमोर बोललो ह्याचा जास्त राग आला होता.

बाहेर आलो. कांतिकाकांनी न विचारता खोक्यातून काडेपेटी काढून हातात दिली. मी रुमालातून सिगार काढली. इतके दिवस भिंतीत पडलेली, वाळून गोवरीसारखी झालेली... पहिल्या काडीत पेटली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि ओढली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, ते ठसक्याचंच होतं असं म्हणणार नाही. कोणी दिसलं नाही, कोणी बोललं नाही, वारासुद्धा हलला नाही. पेरभर राहिली तेव्हा मला पुढे ओढवेना. भिंतीवर घासून विझवली आणि दाजींच्या भोकात परत ठेवली. का ठेवली ते विचारू नका.

आता मी पर्वत पाटियाजवळच्या एका मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालतो. कोणी म्हणेल, संजय, ते तूच करत होतास, शोकाने डोकं फिरलं होतं. मीही हे म्हणून पाहिलं. पण टपरीवर मी एकटा नव्हतो, चहावाला सकाळभर समोर होता, आणि ती गाठ आजही मला उजव्या हाताने जमत नाही. डाव्याने तर नाहीच. मला ह्याचं उत्तर मिळालेलं नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, ओव्याचा सल्ला दिलात तरी ऐकून घेईन.

गेटवर बोललो त्याच दिवशी दुपारी कोसाडला गेलो होतो. आक्काने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही. उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. कोणीतरी तिला आधीच फोन करून सांगितलं असावं, कारण तिने गेटचं काही विचारलं नाही.

"वढी टाकी का पुरी?"

"नही, आक्का. थोडीशी ठेवी उनू."

"कोनासाठे?"

मी तांब्या उचलला. तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि दार लोटलं. मी पाणी प्यायलो, तांब्या उपडा घातला आणि बराच वेळ कडीचा आवाज यायची वाट पाहत तिथं उभा राहिलो. तिने कडी लावली नाही.